हप्ता तोच राहिला तर आधी मुदत बघा

ताई, "भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता भरा, घर तरी आपलं होईल" हे तुमचं म्हणणं मनापासून पटतं. पण आपल्या गोव्यात म्हापसा-पर्वरीकडे दोन पगारांत संसार करणाऱ्यांना फ्लॅट परवडेनासा झालाय. दिल्ली-मुंबईचे लोक दुसरं घर म्हणून इथे घेतात, किनाऱ्याजवळचे मालक पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देतात. मग राहायला डिचोली नाहीतर पेडणे, आणि पेट्रोलचा खर्च वेगळाच.

कर्ज घेतलंच असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 वरून 6.5 टक्के झाला, आणि त्याबरोबर बदलत्या दराच्या गृहकर्जांचं व्याजही वाढलं. अशा वेळी बँका बहुतेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. 20 लाख, 20 वर्षं, 7 टक्के: हप्ता साधारण 15,500. सुरुवातीलाच दर साडेनऊ झाला तर महिन्याचं नुसतं व्याज 15,800 च्या वर! मुद्दल फिटणार कशातून?

तेव्हा बँकेत जाऊन मुदत किती उरली ते लेखी मागा. हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारणं रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये बँकांना बंधनकारक केलंय. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंडही नाही. चतुर्थीचा बोनस हाती आला की थोडा तरी मुद्दलात टाका. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून बांधतो ती माटोळी साधी बांधली तरी चालते. आणि सोनं गहाण ठेवून हप्ता भरायची वेळ आली असेल तर त्याआधी बँकेशी बोला, लाजू नका.