साबुदाण्याच्या विनोदाबद्दल लेखी माफी मागायची का?

कर्वेरोडवाली:
आषाढीला संध्याकाळी आमच्या सोसायटीत भजन झालं, फराळ सुरू झाला आणि मुलांचे कार्यक्रम लागले. दुसऱ्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा खिचडीची ताटली हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "साबुदाणा होतो कसावाच्या कंदापासून, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरचीही अमेरिकेचीच. विठोबा विचारत असेल, माझा उपास केलास की ब्राझीलचा?" हशा पिकला. पण पहिल्या रांगेतल्या पंच्याऐंशीच्या आजींनी उचललेला घास ताटलीत परत ठेवला आणि त्या उठून गेल्या. आता कमिटीला मुलाकडून लेखी माफी हवी आहे.

माझं मत, मागू नये. तो एक शब्द खोटं बोलला नाही. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, त्यानंतर पोर्तुगिजांमार्फत हे सगळं आपल्याकडे पोचलं. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्दसुद्धा त्यांचेच, आणि हापूस म्हणजे अफोन्सो. मिरची यायच्या आधी आपण तिखटासाठी मिरी वापरायचो, मिरचीचं नावही त्यावरूनच पडलं. तुकोबांच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हतीच. तमिळनाडूत सेलमकडे साबुदाण्याचा धंदा उभा राहिला तो १९४० च्या दशकात. हे आपल्या मुलांनी हसत हसत सांगितलं तर बिघडलं कुठे?

सदाशिवपेठी:
ताई, खरं आहे म्हणून भर पंगतीत बोलायचं? आजी सकाळपासून उपाशी, पहिला घास हातात. हेच त्यानं गणपतीतल्या कार्यक्रमात सांगितलं असतं तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. शिवाय त्याचा मुद्दाही अर्धाच आहे. उपासाला सोडायचं ते धान्य. कंद धान्यात मोडत नाही, म्हणून बटाटा आला, रताळं आलं, साबुदाणा आला, आणि जुन्या नेमात बसला. नेम इथलाच आहे. कंद कुठून आला यानं तो ब्राझीलचा होत नाही. माफी मागावी, त्यात कमीपणा नाही.

मुठाकाठ:
पटलं नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काय पोर्तुगिजांनी आणली? नाथांच्या भारुडांत सासू-सासऱ्यांपासून नवसापर्यंत सगळ्यांवर हसून झालंय, तेही कीर्तनाच्या ऐन गर्दीत. वेळ बघून, माणूस बघून, वय बघून विनोद करायचा ठरवलं तर तो पोरगा पुन्हा तोंड उघडणार नाही. उद्या दुसरी कमिटी म्हणेल, पाव परका, तो सोसायटीत नको. तेव्हा कुणाकडे जायचं?

खडकीबाजार:
पावाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी मराठी ख्रिस्ती, जन्म पुण्यातला. शाळेत माझ्या डब्यात पाव आणि सुकी भाजी असायची, आणि मला नाव पडलं होतं 'पाववाला'. विहिरीत पाव टाकला की गाव बाटतं, ही गोष्ट मुलं घरून ऐकून यायची आणि मधल्या सुट्टीत मला सांगायची. मी डब्याचं झाकण अर्धवट धरून, पाव आतल्या आत मोडून खायचो. त्याच वर्गातले मित्र आज मिसळीबरोबर तिसरा पाव मागवतात, आणि मला त्याचा आनंदच आहे.

तेव्हा लागायचं ते पाव परदेशी म्हटल्याचं नाही. हसणारे चाळीस आणि मी एकटा, ते लागायचं. त्या मुलाचा विनोद सगळ्यांच्या ताटावर होता, स्वतःच्याही. त्यामुळे लेखी माफीच्या मी विरोधात आहे. पण आजी का उठल्या हे त्यांना कुणी विचारलंय का?

सदाशिवपेठी:
दादा, तुमचा डबा डोळ्यासमोर आला. आजींना विचारायचं मलाही सुचलं नाही.

कर्वेरोडवाली:
मी मुलाला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काल तो आणि मी आजींकडे गेलो.

त्यांच्या सासूबाईंना उपासाला साबुदाणा चालत नसे. वरीचे तांदूळ आणि शिंगाड्याचं पीठ, बास. त्या घरात साबुदाणा पहिल्यांदा भिजवला तो आजींनी, लग्नानंतरच्या दुसऱ्या आषाढीला, आणि सगळ्यांसमोर ऐकून घेतलं की हा खरा उपास नव्हे. "साठ वर्षांनी तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं रे," म्हणाल्या. मुलगा खाली बघत म्हणाला, "आजी, मला तसं म्हणायचं नव्हतं." त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि शिंगाड्याच्या पिठाचा शिरा कसा ढवळायचा ते सांगितलं: गुठळी होऊ द्यायची नाही, दूध गरमच घालायचं.

कमिटीला त्यांनी स्वतः फोन केला, कागद नको म्हणून. दोघे जण तरीही अडून आहेत, प्रश्न भावनांचा आहे, एकट्या आजींचा नाही असं त्यांचं म्हणणं. रविवारी बैठक आहे. मी विरोधात बोलणार आहे.

मुठाकाठ:
मी तुमच्या सोसायटीतला नाही, नाहीतर शेजारी येऊन बसलो असतो.

सदाशिवपेठी:
बोला ताई, कागद मलाही नको आता. पण पंगतीत ते बोलायला नको होतं, एवढं मी अजूनही म्हणणार.