व्हॅन गॉगने कष्टकऱ्यांना म्हणे 'चेहरा दिला'!

खडूस पेन्सिल: "व्हॅन गॉगने कष्टकऱ्यांना चेहरा दिला" हे परवाच्या धाग्यावर वाचलं आणि तिडीक गेली. १८८२ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या वृद्धाश्रमातला एक म्हातारा या डच चित्रकाराने, व्हिन्सेंटने, कितीदा तरी काढला. कधी छत्री घेतलेला, कधी उंच टोपीतला, तर कधी खुर्चीत बसून मुठींत तोंड खुपसलेला. चित्रांवर नाव कुठेच नाही. बाहीवर आश्रमाचा नंबर होता, १९९. त्यावरून पुढे अभ्यासकांनी माणूस शोधला: आद्रियानस झाउडरलांड. चेहरा कसला, नंबर दिला!

कोळसाकांडी: नंबर आश्रमाने शिवला होता हो, व्हिन्सेंटने नाही! त्याच्या आधीचा डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याने काढलेल्या भिकाऱ्यांची तरी नावं कुठे ठाऊक आहेत? व्हिन्सेंट निदान बसणाऱ्याला पैसे देत होता, तेही भाऊ थिओने पाठवलेल्यातून.

सातारी: पैशांचं निघालंच आहे तर सांगतो. माझे मामा एका कलाशाळेत मॉडेल म्हणून बसायचे. पायाला मुंग्या आल्या तरी "बाबा, हलू नका". मानधनाच्या व्हाउचरसाठी महिनोन्महिने खेटे. पोरं मार्क घेऊन मोकळी.

कोळसाकांडी: विषय नेदरलँड्सचा. मामा मध्येच कुठून आले?

सातारी: तुम्ही एकदा स्टुलावर तासभर मान न हलवता बसून दाखवा, मग विषय शिकवा.

जलरंग: आमच्या वर्गात मॉडेलला चहा असायचा आणि दर वीस मिनिटांनी सुट्टी. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

सातारी: चहा! धन्य झालो.

खडूस पेन्सिल: मामांचा मुद्दा माझाच आहे. न्यूनन या डच खेड्यात गोर्डिना डी ग्रूट ही शेतकरी घरातली मुलगी व्हिन्सेंटसमोर मॉडेल म्हणून बसली. १८८५ मध्ये ती गरोदर राहिली आणि गावाने बोट त्याच्याकडे दाखवलं. तो पुढे अँटवर्पला गेला, गावची बोलणी तिच्या वाट्याला.

कोळसाकांडी: अर्धीच गोष्ट सांगू नका. मूल आपलं नाही हे त्याने थिओला स्पष्ट लिहिलं होतं. तिथल्या धर्मगुरूने तर लोकांनी त्याच्यासमोर बसूच नये म्हणून पैसे देऊ केले, हेही त्याच्याच पत्रांत आहे. बसायचं की नाही हे गरिबाने कुणाला विचारून ठरवायचं?

खडूस पेन्सिल: बरं, पैसे दिले, मान्य. आरती ओवाळा. पण गावातली डोकी त्याला हवी होती ती राकट, जाड ओठांची, मातकट. त्याच गावात एखादी देखणी शेतकरीण नसेलच का?

जलरंग: हा मात्र नेमका प्रश्न. याचं उत्तर द्या, कोळसाकांडी.

सातारी: आधी व्हाउचरचं उत्तर द्या.