देवावर सोडणं म्हणजे हातपाय गाळणं नव्हे

ताई, तुम्ही वर विचारलंत, "देवावर भार टाकायचा म्हणजे प्रयत्न सोडून द्यायचे का?" मला तसं वाटत नाही.

आमचं वावर रावेर तालुक्यात, केळीचं. तीन वर्षांपूर्वी जूनच्या तोंडावर वादळ आलं आणि कापणीला आलेली बाग आडवी झाली. घडाच्या वजनानं खोडं मधूनच मोडलेली, पानांच्या चिंध्या. मी बांधावर बसून कर्जाचे आकडे जुळवत होतो, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. वडील आले. चप्पल काढून ठेवली, मोडक्या खोडाला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडे कोयता मागितला. म्हणाले, "वारा आपल्या हाती नव्हता रे. हे बाजूला करणं आहे." बुंध्याशी फुटलेली पिलं, म्हणजे केळीची नवी रोपं, शाबूत होती. त्या रात्री मला झोप लागली.

सगळं आपल्याच जोरावर चालतं असं धरून बसलं की काळजी आलीच. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे. योगबळानं चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका असलेले हे योगी, आणि गुरू केलं कोणाला, तर वयानं एवढ्याशा मुक्ताईला! तिथं गेलो की हे आठवून माझी मान आपोआप खाली जाते.

मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून आषाढीसाठी पंढरपूरला मुक्ताईची पालखी निघते. यंदा आईसोबत पहिले दोन मुक्काम चालणार आहे. यायचं असेल तर इथंच कळवा, ताई.