दशांश (कमाईचा दहावा भाग, देवासाठी) आधीच बाजूला कसा काढता? मदत हवी आहे

जय ख्रिस्त मंडळी. दशांश आणा असं सांगणारं बायबलमधलं वचन, मलाखी 3:10, पाठ आहे, पण आमच्याकडे दशांश निघतो तो महिनाअखेरीस उरेल त्यातून. जूनमध्ये शाळेची फी भरली की दानाचं पाकीट रिकामंच! आता पगाराच्या दिवशीच पैसे वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवतोय. दशांश पीएफ कापण्याआधीच्या रकमेवर धरावा की हातात येईल त्यावर? यांची रिक्षा, कमाई रोज वेगळी. त्याचा हिशेब कसा ठेवता? चर्चमधल्या हंगामाच्या (पिकाच्या) सणाचं दान, आजारी नातेवाइकांना दिलेले पैसे दशांशातच मोजता की वेगळे? (नव्या करप्रणालीत दानावरची वजावट नाही, तेव्हा करबचतीचा सल्ला नको.) घरकर्जवाल्यांनी जरूर सांगा, सासूबाई म्हणतात आधी हप्ता.