अनुभव धागा: पुढच्या कॅमेऱ्याचे कोणते सेटिंग आपण बदलले आणि काय फरक पडला?

नवीन फोन घेताना मागच्या कॅमेऱ्याची चौकशी बारकाईने केली जाते. पुढचा कॅमेरा मात्र दुकानातून जसा आला तसाच वर्षानुवर्षे चालू राहतो. परिणामी त्वचा किती गुळगुळीत करायची, चेहरा किती उजळायचा, चित्र आरशासारखे जतन करायचे की नाही, हे सारे निर्णय फोन बनवणाऱ्याने परस्पर घेतलेले असतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. यातला कोणता निर्णय आपण बदललात, का बदललात आणि त्यानंतर चित्रात नेमके काय दिसू लागले, हे येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. ‘कोणता फोन चांगला’ हा विषय येथे नको. त्यावर भांडायला इतरत्र भरपूर जागा आहे. सेटिंगांची नावे कंपनीगणिक वेगळी असतात, तेव्हा नाव आठवत नसल्यास ते कुठे सापडले एवढे सांगितले तरी पुरे.

सुरुवात मीच करते. माझ्या फोनमध्ये ब्यूटी मोड मुळातच चालू होता आणि मुख्य सेटिंग्जमध्ये कितीही शोधले तरी तो सापडण्यासारखा नव्हता, कारण कॅमेरा पुढे वळवल्यावरच दिसणाऱ्या जादूच्या कांडीच्या चिन्हाखाली तो होता. तेथे त्वचा, रंग, जबडा, डोळे अशा वेगवेगळ्या पट्ट्या असतात. त्या सगळ्या शून्यावर आणल्यावर सुरुवातीला चेहरा थकलेला वाटला; नंतर लक्षात आले की भुवयांचे केस सुटे दिसू लागले आहेत आणि कानातल्या कुड्यांचे मोती एकमेकांत मिसळत नाहीत. गूगलने २०२० साली आपल्या पिक्सेल ४ए या फोनपासून चेहरा सुधारण्याची सोय मुळात बंद ठेवायचे ठरवले आणि तिच्या पर्यायांना सौंदर्यसूचक नावे देणेही सोडले. इतर बऱ्याच फोनांवर हे काम अजून आपले आपणच करायचे आहे.

कोल्हापूरहून, एक गृहिणी

ब्यूटी मोडचाच पुढचा भाग लिहिते. माझ्या आजेसासूबाईंच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. कपाळावर मधोमध उभी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके आणि हनुवटीवर तीन ठिपके, असे ते हिरवट निळे काम आहे. त्यांच्यासोबत काढलेल्या सेल्फीत हनुवटीवरचे ठिपके साफ नाहीसे झाले होते आणि कपाळावरच्या रेघेची पुसट सावली तेवढी उरली होती. मोठ्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं गोंदण कुणी पुसलं गं?” त्वचेवरचा लहानसा गडद ठिपका दिसला की हे सॉफ्टवेअर त्याला डाग समजते, तीळ, गोंदण आणि पुटकुळी यांत त्याला भेद करता येत नाही. माझ्या फोनमध्ये त्वचेची पट्टी शून्यावर आणूनही काम झाले नाही, कारण डाग काढण्याचे बटण त्याच यादीत सर्वांत खाली वेगळे होते. तेही बंद केल्यावर गोंदण जसेच्या तसे आले. वयस्कर माणसांचे फोटो काढणाऱ्यांनी हे बटण आधी शोधावे. सुरकुत्यांसोबत आणखी काय काय जाते, हे फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चिपळूणहून

आमच्या घरी डाव्या सोंडेची मूर्ती बसते. आरतीनंतर सर्वांनी मिळून काढलेला सेल्फी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर मुंबईच्या काकांचा फोन आला: “उजव्या सोंडेचा कधीपासून आणायला लागलात? सोवळं झेपणार आहे का तुम्हाला?” फोटोत बाप्पाची सोंड खरोखरच उजवीकडे वळलेली होती. मखरावरची ‘मोरया’ ही कागदी अक्षरे उलटी दिसली, वहिनीची नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर उजव्या खांद्यावर गेलेला दिसला, तेव्हा उलगडा झाला की फोनने चित्र आरशातल्यासारखे जतन केले आहे.

आयफोनमध्ये सेटिंग्ज उघडून कॅमेरा या भागात गेल्यास ‘मिरर फ्रंट कॅमेरा’ हे बटण दिसते. सॅमसंगमध्ये ‘सेव्ह सेल्फीज ॲज प्रीव्ह्यूड’ या अर्थाचे बटण कॅमेऱ्याच्याच सेटिंग्जमध्ये असते. ते बंद केले की जतन होणारे चित्र समोरच्या माणसाला आपण दिसतो तसे येते. फोटो काढताना पडद्यावर मात्र आरसाच दिसत राहतो, त्यामुळे बटण बंद होऊनही काही बदललेच नाही असा समज होऊ शकतो. खात्री गॅलरीत जाऊनच करावी. आधी निघालेले फोटो संपादनातील आडवे उलटवण्याच्या पर्यायाने सुलटे होतात. काकांना आम्ही तसाच सुलटा करून फोटो पाठवला, तरी त्यांनी मूर्तिकाराला फोन करून विचारलेच.

नागपूरहून, लग्नसमारंभांचे छायाचित्रकार

वरच्या अनुभवात एक भर घालतो. आरसा बंद केल्यावर बऱ्याच जणांना स्वतःचा चेहरा वाकडा वाटतो आणि ते बटण पुन्हा चालू करतात. यामागे निव्वळ सवय आहे. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात मुलींना त्यांचेच सरळ आणि आरशातले असे दोन फोटो दाखवले गेले, तेव्हा त्यांचा कल आरशातल्या फोटोकडे होता आणि त्यांच्या मैत्रिणींचा सरळ फोटोकडे. लोक आपल्याला सरळच पाहतात. तेव्हा काही दिवस धीर धरावा, डोळा सरावतो.

आता नाकाविषयी लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या नवऱ्यामुलींची सर्वांत मोठी तक्रार तीच असते. सेल्फीत नाक मोठे दिसते ते अंतरामुळे. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ असला की नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ पडते आणि त्या हिशेबाने फुगते. २०१८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिक समूहाच्या, चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांना वाहिलेल्या नियतकालिकात रटगर्स आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी हे मोजून मांडले: पाच फुटांवरून काढलेल्या चित्राच्या तुलनेत १२ इंचांवरून काढलेल्या चित्रात नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. त्यामुळे नाक बारीक करणाऱ्या पट्टीशी खेळण्याऐवजी फोन लांब न्यावा आणि नंतर चित्र कातरावे. येथे एक सेटिंग उपयोगी पडते. बऱ्याच फोनांत पुढचा कॅमेरा उघडला की शटरच्या वर एका माणसाचे आणि अनेक माणसांचे अशी दोन चिन्हे दिसतात. ज्या फोनांत पुढे एकच भिंग असते त्यांत ही दोन वेगळी भिंगे नसून एकाच भिंगाचे मधले आणि पूर्ण चित्र असते. हात पूर्ण लांबवून एका माणसाचे चिन्ह निवडावे. घोळका असेल तर दुसरे चिन्ह लागतेच, पण त्यात कडेला उभ्या माणसाचा चेहरा बाहेरच्या बाजूला ताणला जातो. म्हणून ज्यांची फोटोबद्दल कुरकुर अधिक, त्यांना मी मध्ये उभे करतो. आयफोन ११ पासून फोन आडवा धरला की चित्र आपोआप रुंद होते, हेही माहीत असावे.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे फोन चार-पाच फुटांवर स्टँडला लावून १० सेकंदांचा टायमर देणे. काही फोनांत तळवा दाखवला की टायमर सुरू होतो, ते बटणही चालू करून ठेवावे. चित्र कातरल्याने मेगापिक्सेल कमी होतील अशी भीती बाळगू नये. ३२ मेगापिक्सेल असे खोक्यावर छापलेले अनेक पुढचे कॅमेरे चार चार पिक्सेल एकत्र करून मुळात ८ मेगापिक्सेलचेच चित्र देतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर पाहायला त्याच्या निम्मेही पुरतात.

लातूर जिल्ह्यातून, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

२०१६ च्या नोव्हेंबरात शिक्षण विभागाने दर सोमवारी दहा दहा विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढण्याचा आदेश काढला होता, तो अनेकांना आठवत असेल. शिक्षकांच्या विरोधामुळे तो जानेवारी २०१७ मध्ये बाजूला पडला, परंतु तयारी म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जे फोटो काढले त्यांतून मी प्रकाशाचा धडा शिकलो. मागे उन्हात तापलेले पांढरे मैदान आणि पुढे सावलीतली मुले अशी रचना असली की कॅमेरा मैदान सांभाळतो आणि चेहरे काळवंडतात. पडद्यावर एखाद्या चेहऱ्यावर बोट टेकवले की शेजारी सूर्याचे लहान चिन्ह येते. ते किंचित वर सरकवल्यास चेहरे उघडतात. बोट दाबून धरल्यास बऱ्याच फोनांत तो प्रकाश कायम होतो, म्हणजे मुले हलली तरी चित्राचा उजेड खालीवर होत नाही. एचडीआर, म्हणजे चित्रातले उजळ आणि गडद दोन्ही भाग सांभाळणारी सोय, स्वयंचलित ठेवावी. एवढे करूनही त्याहून अधिक फरक पडतो तो दिशा बदलल्याने: मुलांना व्हरांड्याच्या कडेला मैदानाकडे तोंड करून उभे केले आणि मागे वर्गाची भिंत घेतली की सेटिंगला हात लावावा लागत नाही.

चेहरा उजळवण्याच्या पट्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्या वर्गातील सावळी मुले त्या पट्टीने गोरी होत नाहीत, राखाडी होतात. आणि आपला फोटो शेजारच्या मुलापेक्षा वेगळा का दिसतो, हे त्यांना बरोबर कळते. सर्व वर्णांच्या त्वचा नीट टिपल्या जाव्यात म्हणून गूगलने २०२१ साली पिक्सेल ६ मध्ये ‘रिअल टोन’ आणले, ही दिशा मला योग्य वाटते. साध्या फोनवर ती पट्टी शून्यावर ठेवून उजेड सूर्याच्या चिन्हानेच वाढवावा.

ठाण्याहून

माझा अनुभव दोन ओळींचा आहे. सेल्फीत दिव्यांभोवती धुरकट वलये येत होती. कारण टेम्पर्ड ग्लास किंचित सरकून बसली होती आणि तिची कड भिंगावर आली होती. काच बदलली, वलये गेली. फोन कानाला लावल्यावर गालाचा घाम आणि तेल नेमके त्याच भिंगावर बसते, तेव्हा सेटिंग बदलण्याआधी ते मऊ सुती कापडाने पुसून पाहावे.

न्यू जर्सीहून

सुट्टीत नाशिकला गेल्यावर घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या प्रत्येक सेल्फीत आडवे काळपट पट्टे येत. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे १२० वेळा. माझ्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये ‘अँटी-बँडिंग’ हा पर्याय ६० वर अडकलेला होता. तो ५० केल्यावर पट्टे थांबले. शटर उघडे राहण्याचा वेळ हाताने ठरवता येत असेल तर भारतात १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. व्हिडिओ कॉलवर हेच पट्टे हलताना दिसतात, आणि आई-वडिलांना वाटते की आमचे इंटरनेट बिघडले आहे.

धागाकर्तीकडून

व्हिडिओ कॉलचा उल्लेख झाला म्हणून सांगते: कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड बंद केला तरी इतर ॲपमधली सोय वेगळी असते. व्हॉट्सॲपने २०२४ मध्ये व्हिडिओ कॉलसाठी टच-अप आणि मंद उजेडाचे स्वतंत्र पर्याय दिले आहेत. ते कॉल चालू असतानाच सापडतात.

सांगलीहून, निवृत्त कर्मचारी

मला सेल्फीची हौस नाही, परंतु दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मात्र द्यावा लागतो. २०२१ च्या नोव्हेंबरापासून जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून तो घरबसल्या देता येतो; केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा आहे. त्यासाठी ‘आधार फेस आरडी’ हे दुसरे ॲपही फोनमध्ये लागते. हे ॲप कॅमेरा आपल्या पद्धतीने उघडत असल्यामुळे वर सांगितलेली सेटिंग्ज तेथे लागू होत नाहीत. माझ्या बाबतीत चेहरा वारंवार नाकारला जात होता, कारण चष्म्याच्या काचांत खिडकी चमकत होती. चष्मा काढला, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, खिडकीकडे तोंड करून साध्या भिंतीला पाठ केली आणि फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला, तेव्हा चेहरा स्वीकारला गेला. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. ती सावकाश आणि पूर्ण करावी, अर्धवट मिचकावलेले डोळे त्याला चालत नाहीत. चष्म्याशिवाय पडद्यावरच्या सूचना वाचता येत नाहीत, ही अडचण उरतेच. आमच्या सूनबाई शेजारी उभ्या राहून सूचना वाचून दाखवतात. फक्त त्यांचा चेहरा चौकटीत येणार नाही, एवढे पाहावे लागते.

पुण्याहून

हळदीच्या कार्यक्रमात सगळेच पिवळे असते: कपडे, पडदे, झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याला वाटते की दिवाच पिवळा आहे, आणि तो त्यावर उतारा म्हणून निळा रंग वाढवतो. परिणामी हळद फिकी आणि चेहरे निस्तेज होतात. पुढच्या कॅमेऱ्यावर रंगाचे तापमान हाताने ठरवण्याची सोय क्वचितच असते. अशा वेळी पिवळ्या पडद्यापासून दोन पावले दूर, पांढऱ्या भिंतीपाशी उभे राहावे आणि उरलेली कसर संपादनात ‘वॉर्म्थ’ची पट्टी थोडी वाढवून भरून काढावी.

रात्रीच्या संगीतासाठी एक सूचना. पडदा पांढरा करून चेहऱ्यावर उजेड टाकणारा फ्लॅश हातभर अंतरापर्यंतच कामाचा असतो. मागच्या रांगेतले लोक त्यात काळोखातच राहतात. नाइट मोड असेल तर तो निवडावा, पण शटर दाबल्यानंतर एक-दोन सेकंद चित्र टिपले जात असते, तेव्हा कोपर छातीशी टेकवून फोन दोन्ही हातांनी धरावा आणि शटरसाठी पडद्यावर बोट मारण्याऐवजी आवाजाचे बटण दाबावे. नाचणाऱ्यांना तेवढा वेळ थांबवणे कोणत्याही सेटिंगने साधत नाही, म्हणून मी असे फोटो गाणे बदलताना काढतो.