'अविश्वसनीय निवेदक' म्हणजे नक्की काय? 'गॉन गर्ल'वरच्या वादाच्या निमित्ताने

मूळ प्रश्न

डेव्हिड फिंचरच्या 'गॉन गर्ल'वर लेख लिहायला घेतला आहे. गिलियन फ्लिनची मूळ कादंबरी २०१२ची, चित्रपट २०१४चा आणि पटकथाही तिचीच. लेखात नायिकेबद्दल एक वाक्य आहे, 'एमी ही अविश्वसनीय निवेदक आहे', म्हणजे जिच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही अशी. पुढच्याच परिच्छेदात दुसरं आलं, 'इस्पितळापासूनचा भाग अनेकांना अविश्वसनीय वाटला.' शब्द एकच, पण मला म्हणायचं आहे ते अगदी वेगळं. पहिल्या ठिकाणी काय लिहावं? चर्चेत रहस्यभेद होणारच, तेव्हा ज्यांना चित्रपट पाहायचाय त्यांनी कृपया इथेच थांबावं.

प्रतिसाद

समीक्षेत 'अविश्वसनीय निवेदक' हा शब्द वापरलेला मी वाचलाय. अमेरिकी समीक्षक वेन बूथने १९६१ साली जी संज्ञा मांडली तिचं हे सरळ भाषांतर. लेखाच्या सुरुवातीला एकदा अर्थ सांगून टाकलात की पुरे. 'अनरिलायबल नॅरेटर' असं देवनागरीत लिहिलंत तरी चित्रपट पाहणाऱ्या वाचकाला कळेल.

प्रतिसाद

एकदा अर्थ सांगून भागेल असं मला वाटत नाही. याच चित्रपटाच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण त्याच्यावरचा निम्मा वाद या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे.

आधी शब्दाकडे बघू. मराठीत विश्वास दोन तऱ्हेने चालतो. एक विश्वास *बसतो*, एक विश्वास आपण *ठेवतो* किंवा *टाकतो*. 'असं घडलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही' आणि 'त्या माणसावर विश्वास ठेवता येत नाही' ही वाक्यं बोलताना कोणीही गल्लत करत नाही. क्रियापदच काम करून जातं. पण आपण विशेषण बनवायला गेलो की दोन्हींसाठी हाताशी येतो तो 'अविश्वसनीय', आणि क्रियापदाने सांभाळलेला फरक पुसला जातो.

त्यातही एक गंमतशीर असमतोल आहे. 'विश्वसनीय' हा शब्द अजून भरवशाच्या बाजूला आहे. 'विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार' हे आपण रोज वाचतो. 'अविश्वास' हे नामही त्याच बाजूचं, म्हणून तर विधानसभेत अविश्वास ठराव येतो. मात्र 'अविश्वसनीय' हे विशेषण क्रीडापानांनी पार उचलून नेलं. अविश्वसनीय झेल, अविश्वसनीय विजय, अविश्वसनीय खेळी. आज ते जवळजवळ कौतुकाचा शब्द झालंय. त्यामुळे 'एमी ही अविश्वसनीय निवेदक आहे' हे वाचून एखाद्याला वाटेल की एमीचं काम करणाऱ्या रोझमंड पाइकच्या आवाजाची तारीफ चालली आहे! (तिने काम केलंय तसंच. ऑस्करमध्ये या चित्रपटाला मिळालेलं एकमेव नामांकन तिचंच होतं.)

आता चित्रपटाकडे. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी घरातून नाहीशी होते, संशय नवऱ्यावर, निकवर. मधूनमधून आपल्याला तिची डायरी ऐकू येते. प्रेम, लग्न, मंदीत दोघांच्याही गेलेल्या नोकऱ्या, न्यू यॉर्क सोडून मिसुरीत निकच्या गावी जाणं, मग हळूहळू वाढत गेलेली नवऱ्याची भीती. 'हा माणूस कदाचित मला मारून टाकेल' इथपर्यंत ती डायरी येते. आणि मग कळतं की एमी जिवंत आहे, गाडी चालवत निघाली आहे, आणि डायरी तिने पोलिसांच्या हाती लागावी म्हणूनच रचलेली आहे. सुरुवातीच्या नोंदी खऱ्या आहेत हे ती स्वतःच सांगते. दोघं वाचणाऱ्याला आवडायला हवीत, म्हणून तो भाग खरा ठेवायचा. त्यापुढचं मनानं भरायचं.

म्हणून मला 'बेभरवशाचा' हा शब्द इथे अतिशय नेमका वाटतो. बेभरवशाचा पाऊस कधीच पडत नाही असं नसतं. तो कधी पडतो, कधी दगा देतो, आणि आज काय करेल ते आधी कळत नाही. डायरीतली एमी अगदी तशी आहे. 'खोटारडी' म्हटलं की सगळंच खोटं ठरतं आणि वाचकाची जी खरी पंचाईत आहे, की यातलं कुठवर धरायचं, ती हातातून निसटते.

'फसवा निवेदक' असंही सुचवलं जातं. एमीपुरतं ते चालेल, कारण तिचा हेतूच फसवण्याचा आहे. पण संज्ञा म्हणून तो शब्द तोकडा. लहान मूल गोष्ट सांगत असेल, स्मृती गेलेला म्हातारा सांगत असेल, तर भरवसा ठेवता येत नाही आणि तरी फसवणूक कुठेच नसते. 'अविश्वासू' तर मुळीच नको. त्यात इमान न राखल्याचा आरोप आहे, आणि लग्नाच्या गोष्टीत तो शब्द थेट बाहेरख्यालीपणाकडे बोट दाखवतो. तो निकला लागू पडतो, पण वेगळ्या कारणाने.

मूळ प्रश्नकर्ती

निकचा उल्लेख केलात हे बरं झालं. कादंबरीत त्याचीही प्रकरणं आहेत. त्यालाही बेभरवशाचा म्हणायचं का? तो वाचकाशी उघडउघड खोटं बोलतोय असं मला वाटलं नव्हतं.

प्रतिसाद

नाही बोलत. उलट पोलिसांशी आपण कितवं खोटं बोललो हे तो वाचकाला मोजून सांगतो. एवढा प्रामाणिकपणा दाखवल्यावर आपण त्याच्यावर निर्धास्तपणे विसंबतो, आणि मग बऱ्याच पानांनी कळतं की विद्यार्थिनीबरोबर चाललेलं प्रकरण त्याने आपल्यापासूनही दडवून ठेवलं होतं. याच्यासाठी आपल्याकडे जुना शब्दप्रयोग आहे, 'आतल्या गाठीचा'. पारिभाषिक संज्ञा म्हणून नव्हे, पण लेखात निकचं वर्णन करताना जरूर वापरा. एमी रचते, निक राखून ठेवतो. दोघांच्या निवेदनावर भरवसा नाही, पण जात वेगळी.

चित्रपटात हा तोल बदलतो, तेही लेखात यायला हवं. तिथे निक निवेदक उरतच नाही. सुरुवातीला आणि शेवटी, एमीच्या डोक्यावरून हात फिरतो तेव्हा त्याचे चार शब्द ऐकू येतात, एवढंच. एमीची डायरी मात्र आवाजासकट आहे आणि तिच्यातले प्रसंग पडद्यावर *घडताना दिसतात*. निक तिला ढकलतो ते आपण पाहतो. कादंबरीत वाचलेल्या वाक्यावर माणूस शंका घेऊ शकतो, डोळ्यांनी पाहिलेल्यावर घेणं अवघड. ज्या प्रेक्षकांना चित्रपटाने आपल्याशी दगलबाजी केली असं वाटलं, त्यांच्या रागाचं मूळ मला इथे दिसतं.

आता तुमचं दुसरं वाक्य. इथे विश्वास 'बसण्याचा' प्रश्न आहे, म्हणून 'न पटणारा', 'ओढूनताणून आणलेला', किंवा जरा औपचारिक हवं असेल तर 'असंभाव्य'. बोलीत आपण 'पचनी पडलं नाही' म्हणतो, तेही उत्तम. एमी देसी नावाच्या जुन्या मित्राचा कटरने खून करून रक्ताने माखून परत येते, त्याने आपल्याला पळवून कोंडून ठेवलं होतं असं सांगते. इस्पितळात बोनी ही तपास अधिकारी तिला विचारते, की तुला बांधून ठेवलं होतं तर कटर तुझ्या हाती आला कसा? अगदी साधा, कोणालाही पडेल असा प्रश्न. एमी उत्तर टाळून उलट बोनीच्याच तपासातल्या चुकांवर घसरते, आणि खोलीतले बाकीचे अधिकारी तिची बाजू घेतात. नंतर ती घरी येते तेव्हाही अंगावरचं रक्त तसंच. हे धुतलं कसं नाही, असा आक्षेप अनेकांनी घेतला.

या आक्षेपाचं वजन मला मान्य आहे, पण त्या प्रसंगात बोनी आपल्याच मनातला प्रश्न विचारते हे विसरता कामा नये. चित्रपटाला तो धागा दिसलेला आहे. छान दिसणाऱ्या, टीव्हीने लाडकी करून ठेवलेल्या बाईची गोष्ट सगळ्यांना *हवी* असते, म्हणून कोणी खोलात जात नाही, असं तो म्हणतो. खोलीतल्या लोकांनी विश्वास *ठेवला*, प्रेक्षकाचा *बसला* नाही. तुमच्या लेखात ही दोन क्रियापदं अशी समोरासमोर आली तर विशेषण शोधत बसायची गरजसुद्धा पडणार नाही.

प्रतिसाद

शब्दांबद्दल सहमत, पण एका मोठ्या आक्षेपाला अजून कोणी हात घातला नाही. एमी आधीच्या एका मित्रावर बलात्काराचा खोटा आळ घेते, नंतर देसीवर. बायका अशा तक्रारी रचतात या समजाला चित्रपट खतपाणी घालतो, असं अनेक स्त्रीवादी समीक्षकांनी लिहिलं. फ्लिनचं उत्तर साधारण असं, की बाईला वाईट, अगदी दुष्ट असण्याचीही मोकळीक साहित्यात हवी. मला दोन्ही बाजू कळतात. अशा वेळी 'एमी बेभरवशाची आहे' असं छापलं गेलं की वाचणारा 'बाई बेभरवशाची' असं वाचतो. ते मला खटकतं.

प्रतिसाद

तुमची हरकत फार महत्त्वाची आहे, आणि तिने शब्दाचा प्रश्नही सुटतो. विशेषण माणसाला लावूच नये, निवेदनाला लावावं. 'बेभरवशाचं निवेदन.' मग निवेदक पुरुष असो, बाई असो, मूल असो, त्याच्या शीलावर शिक्का बसत नाही. लिंगाची अडचणही जाते. नाहीतर 'निवेदिका' म्हटलं की डोळ्यांपुढे कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारी बाई येते.

याच न्यायाने 'स्त्रीद्वेष्टी' हा शब्द जपून वापरावा. पात्र द्वेषाने वागतं, चित्रपट त्या द्वेषाला दुजोरा देतो आणि प्रेक्षक तो द्वेष घरी घेऊन जातो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. समीक्षकांचं भांडण दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल होतं. 'स्त्रीद्वेष्टी कलाकृती' असं नुसतं लिहिलं की कशाबद्दल बोलतोय ते कळत नाही. एमीला 'विकृत' म्हणून मोकळं होणंही टाळा. तो शब्द आला की वाचक विचार करायचा थांबतो. पुरुषांना आवडेल अशी 'कूल' मुलगी होऊन राहण्याचा तिचा जळजळीत वैताग अनेक बायकांना आपला वाटला होता, आणि ते 'विकृत'मध्ये कुठेच मावत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मग असं लिहू का? 'एमीच्या डायरीचं निवेदन बेभरवशाचं आहे. इस्पितळापासूनचा भाग अनेकांना पटला नाही.' त्याला जोडून प्रेक्षकांच्या प्रतिसादाबद्दल लिहायचं आहे. समीक्षकांनी बहुतांशी वाखाणला, सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर खर्चून केलेला चित्रपट जगभरात ३६ कोटींच्या वर गेला, पण अमेरिकेत थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांना विचारून सिनेमास्कोर जी श्रेणी ठरवते ती फक्त 'बी' होती. इथे 'संमिश्र प्रतिसाद' योग्य ठरेल?

प्रतिसाद

वाक्यं छान झाली. 'संमिश्र' मात्र नको. कोणाला आवडला, कोणाला नाही, असा त्याचा अर्थ होतो. तुमचे आकडे वेगळं सांगतात. लोक गर्दीने गेले, शेवटपर्यंत खिळून बसले, आणि निक तिच्यासोबतच राहतो हे बघून अस्वस्थ होऊन बाहेर आले. निदान मी त्या 'बी'चा अर्थ असा लावते. 'शेवट जिव्हारी लागला' असं लिहा.