विदर्भाचा संघ फक्त पाहुण्यांचा नाही

विदर्भाने रणजी करंडक (राज्यांच्या संघांची क्रिकेट स्पर्धा) जिंकला तो बाहेरून आणलेल्या, म्हणजे 'पाहुण्या' खेळाडूंच्या जिवावर, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा करुण नायर या पाहुण्यांचा वाटा मोठा आहे, प्रश्नच नाही. २०१८-१९ मध्ये जाफरने हजारावर धावा केल्या. चंद्रकांत पंडितांनी प्रशिक्षक म्हणून संघाला जी शिस्त लावली, तीही बाहेरूनच आली.

पण २०१७-१८ मधल्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी कर्णधार होता नागपूरचा फैज फझल. त्या मोसमात कर्नाटकविरुद्धची उपांत्य लढत अवघ्या पाच धावांनी जिंकली, ती रजनीश गुरबानीच्या बारा बळींमुळे. मग इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिकही घेतली, आणि अक्षय वाडकरने शतक ठोकलं.

२०२४-२५ चं तर विचारूच नका. हर्ष दुबेचे ६९ बळी, म्हणजे रणजीच्या एका मोसमातला विक्रम! यश राठोडच्या ९६० धावा. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ३ बाद २४ असताना नायरच्या जोडीला उभा राहिला तो पहिलाच मोसम खेळणारा दानिश मालेवार, आणि त्याने १५३ केल्या. समोर केरळकडून ७९ धावा काढून झुंजला कोण? विदर्भाचाच आदित्य सरवटे, ज्याने २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात आपल्यासाठी अकरा बळी घेतले होते. आता विदर्भाचा खेळाडू दुसऱ्या राज्याला पाहुणा म्हणून हवासा वाटतो, हेही हिशेबात धरा.